प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही वाफसा पाहावा



सोलापुरी चादर नाही असे घर आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायचे नाही. ती चादर एकदा उलगडून तिच्यावरची वेलबुट्टी नीट पाहा. तेच फूल, तीच कोयरी, तेवढ्याच अंतरावर पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. ही नक्षी विणकर एकेक धागा हाताने उचलून काढीत नाही. मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचे यंत्र बसविलेले असते आणि त्यातून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, मग तिच्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडायची. आता बऱ्याच मागांवर पुठ्ठ्यांऐवजी विजेवर चालणारे जकार्ड आले, पण तत्त्व तेच राहिले.

हे यंत्र फ्रान्समधल्या जोसेफ जकार्डने १८०४ च्या सुमारास तयार केले. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आकडेमोडीच्या यंत्रासाठी असलेच पुठ्ठे वापरायचे ठरविले. एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ मध्ये त्या यंत्राची तुलना जकार्डच्या मागाशीच केली. आज त्यांना जगातील पहिल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या म्हणून मान देतात. तेव्हा तुमचा मुलगा किंवा मुलगी पुण्याला हिंजवडीत बसून दिवसभर नेमके काय करते, असे कोणी पारावर विचारले, तर खुशाल सांगा की पुठ्ठ्याला भोके पाडते. त्यात कमीपणा नाही. मात्र एक लक्षात ठेवा. एका पुठ्ठ्यात एक भोक चुकले की चूक एका चादरीत राहत नाही, त्या माळेवर विणलेल्या प्रत्येक चादरीत उतरते.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला दोन कारणे आहेत. सोलापूरचे वालचंद, पंढरपूरजवळचे गोपाळपूर अशा ठिकाणी संगणकाचे शिक्षण घेणारी कितीतरी मुले आपल्याच वस्त्यांवरची आहेत. कुणाच्या बापाने त्यासाठी रान गहाण ठेवले आहे, तर कुणाच्या आईने म्हैस विकली आहे. आणि दुसरे असे की आपला सातबारा, पीक पाहणी, अनुदान आणि विमा हे सारे आता प्रोग्रॅमवर चालते. पूर्वी तलाठ्याच्या हातून चूक झाली तर ती एका गटाची असे. आता चूक झाली तर एकाच वेळी हजारो खातेदारांची होते. त्यामुळे या मुलांच्या कामाच्या सवयी चांगल्या असाव्यात यात तुमचाही स्वार्थ आहे. नवल म्हणजे त्या धंद्यातले जाणकार ज्या सवयी सांगतात, त्यांतल्या पुष्कळशा तुम्ही बांधावर रोज पाळता.

पहिली गोष्ट किडीची. प्रोग्रॅममधल्या दोषाला ती मुले 'बग' म्हणतात, म्हणजे किडाच. १९४७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संगणकात बिघाड झाला. शोधता शोधता आत खरोखरीचा एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि खाली नोंद केली. मला यातली नोंदवही महत्त्वाची वाटते. आपल्याकडे डाळिंबावर ठिपका दिसला की काही जण दुकानात जातात आणि चार औषधे एकत्र करून फवारतात. ठिपका थांबला, तर कशाने थांबला ते कळत नाही. थांबला नाही, तर पैसा गेलाच, वर पानेही करपतात. हा तेल्या आहे, बुरशी आहे की खताची उणीव आहे, ते आधी ओळखा, असे आम्ही गावोगावी सांगत आलो. प्रोग्रॅममध्ये दोष आला की उतावळा मुलगाही असेच करतो. एकदम पाच ठिकाणी बदल करतो. मग काम चालू झाले तरी का चालू झाले ते त्याला सांगता येत नाही, आणि दोन महिन्यांनी तोच दोष दुसऱ्या सरीत उगवतो. शहाणा मुलगा आधी दोष पुन्हा घडवून पाहतो, कधी येतो आणि कधी येत नाही ते लिहितो, मग एक बदल करून परिणाम पाहतो. हे काम संथ दिसते. साहेबाला वाटते पोरगा नुसता बसला आहे. रानातून हिंडून पानामागे अळी बघणाऱ्या शेतकऱ्यालाही शेजारी रिकामटेकडा म्हणतात.

माप कुठले, हे सांगितल्याशिवाय आकडा लिहू नये, ही दुसरी गोष्ट. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, आपले बोलणे एकर-गुंठ्यात. तुमचे रान एक एकर वीस गुंठे आहे आणि अर्ज भरणाऱ्याने हेक्टरच्या खान्यात १.२० भरले, तर दीड एकराचे जवळजवळ तीन एकर झाले. बाजूला 'हेक्टर-आर' असे ठळक छापलेले असते, तरी घाईत हे घडते. यावर हसू नका, मोठमोठ्यांचे असेच झाले आहे. अमेरिकेने मंगळाकडे पाठविलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले. एका गटाच्या प्रोग्रॅमने जोराचे माप पौंडात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहे असे धरले. साडेबारा कोटी डॉलरचे यान एकर-गुंठ्याच्या घोळात गेले म्हणा ना!

आता चावडीची गोष्ट सांगतो. ती मला फार मोलाची वाटते. आपले हस्तलिखित सातबारे संगणकावर चढविले, तेव्हा त्यांत पुष्कळ चुका राहिल्या होत्या. कुणाचे नाव गळाले, कुणाचे क्षेत्र जुळेना. कार्यालयात बसून त्या सापडण्यासारख्या नव्हत्या. म्हणून महसूल खात्याने २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडी वाचन घेतले. संगणकावरचा सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा त्याने ऐकून चूक सांगायची. खाली बसलेला म्हातारा म्हणायचा, "अहो, हा गट माझ्या चुलत्याचा, माझा नव्हे." अशा शब्दाला हजार तपासण्यांची सर येत नाही. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, त्याच्या मागे ही बैठक होती.

चांगल्या संगणक कंपन्यांत असेच चावडी वाचन रोज चालते. एकाने लिहिलेला मजकूर दुसरा वाचतो, शंका काढतो, आणि त्याने होकार दिल्याशिवाय तो पुढे जात नाही. नव्या मुलांना याचा राग येतो. माझ्या कामात चूक काढतो म्हणजे माझा अपमान, असे त्यांना वाटते. अशा वेळी मुलाला घरून एक शब्द सांगा, की बाबा, चूक चावडीवर निघाली तर तिथेच मिटते. ती खरेदीखतात निघाली तर कलम १५५ चा अर्ज घेऊन तहसिलीत खेटे घालावे लागतात, आणि ते खेटे लिहिणारा घालत नाही, तुझ्यासारख्या कुणाचा तरी बाप घालतो.

फेरफाराचेही तसेच. सातबाऱ्यावर जुने नाव खोडून टाकीत नाहीत. त्याला कंस करतात, नवे नाव लिहितात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक देतात. पन्नास वर्षांनीही कुणामुळे काय बदलले ते काढता येते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडेही अशी फेरफार नोंदवही असते. तिचे नाव 'गिट', आणि ती लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या माणसाने २००५ मध्ये तयार केली. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली ते त्यात आपोआप राहते. फक्त का बदलली ते माणसाला लिहावे लागते, आणि तिथेच आळस होतो. 'दुरुस्ती केली' एवढेच लिहून मुले मोकळी होतात. वारसाने की खरेदीने ते न लिहिता नुसता 'नाव बदलले' असा फेरफार मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला असता का?

बियाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्यासारख्याला पुढे जाता येत नाही. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवता, ते पोत्यात आहे एवढ्यावर पेरणी करीत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता, काही दिवसांनी कोंब मोजता, सत्तरच्या वर असतील तर पाभर जोडता. संगणकातल्या माहितीचीही अशी राखीव प्रत ठेवतात, तिला 'बॅकअप' म्हणतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब नावाच्या कंपनीत, रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनियरने चुकून भलत्याच संगणकावरची माहिती पुसली. कंपनीकडे राखीव प्रतीच्या पाच तऱ्हा होत्या. उघडून पाहिले तर एकही धड चालत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी कुणीतरी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावले. पाच पोती होती, पण उगवण चाचणी एकाचीही झालेली नव्हती. त्या कंपनीचे एक मात्र कौतुक केले पाहिजे. त्यांनी झाकपाक केली नाही. दुरुस्ती चालली असताना ती साऱ्या जगाला उघड दाखविली, आणि त्यातून इतर कंपन्या शिकल्या.

जुन्या औषधाच्या पंपाचा अनुभव आपल्याकडे बऱ्याच जणांना असेल. ज्वारीत टू-फोर-डी तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कापसावर किंवा द्राक्षावर वापरला, की पाने पंजासारखी वळतात. २०१२ च्या १ ऑगस्टला अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर बाजारातल्या कंपनीत अगदी हेच झाले. आठ संगणकांवर नवा प्रोग्रॅम घालायचा होता. सातांवर घातला, आठवा राहून गेला, आणि त्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना प्रोग्रॅम जागा झाला. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. वापरात नाही ते काढून टाकावे, आणि आठ म्हटले की आठही मोजावेत.

आता वाफशाकडे येतो. मोहोळच्या केंद्रात इथल्याच मालदांडीतून निवड करून एम-३५-१ ज्वारी काढली गेली. अशा वाणाच्या ओळी आधी शेजारी शेजारी पेरून पाहतात, मग निरनिराळ्या रानांत घेतात, आणि मगच पिशवी दुकानात येते. तुम्हीही नवे बियाणे आधी चार गुंठ्यांत पेरता. प्रोग्रॅमचेही तसेच असावे. आधी थोड्या लोकांना द्यावा, आठवडाभर पाहावे, मग हळूहळू वाढवावा. ही शिस्त मोडल्यावर काय होते ते १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने संगणकाच्या राखणीसाठी केलेला एक छोटा बदल एकदम सगळीकडे पाठविला. त्यात दोष निघाला आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांचे पास हाताने लिहून द्यावे लागले. त्यानंतर त्या कंपनीने टप्प्याटप्प्याने पाठविण्याची रीत धरली. आमच्या खात्यात याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतात.

आणि वाफसा नसताना माणसे वाढवून उपयोग नाही. कांदा काढायचा असेल तर दहाऐवजी वीस बाया लावल्या की काम निम्म्या वेळात होते. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीत एक फार मोठा प्रोग्रॅम करवून घेतला होता. त्यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात दाखविले की उशीर झालेल्या प्रोग्रॅमवर आणखी माणसे घातली तर तो आणखी लांबतो. नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो. म्हैस दहा महिने गाभण राहते. दहा म्हशी आणल्या म्हणून एका महिन्यात रेडकू मिळत नाही. तेव्हा "तुझ्या हाताखाली माणसे किती?" हा प्रश्न दिवाळीत घरी आलेल्या मुलाला पाहुण्यांदेखत विचारू नका. चांगले काम करणाऱ्याच्या हाताखाली कधी कधी एकही माणूस नसतो.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण पीक पाहणीचे. गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवायचे ठरले. कल्पना चांगली होती. पण पहिल्या हंगामात किती मनस्ताप झाला ते तुम्हाला सांगायला नको. रेंज नाही, संकेतांक येत नाही, एकाच वेळी सगळे तुटून पडल्यावर ॲप गोल गोल फिरत राहते. भुईमुगाऐवजी चुकून उडीद दाबला गेला, तर तो दुरुस्त करायला तलाठ्याला गाठा. पुढच्या वर्षी, २०२२ च्या खरिपात, दुसरी आवृत्ती आली. तिच्यात केलेली नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत एकदा स्वतःच दुरुस्त करण्याची सोय होती. फोटो गटापासून फार लांबून काढला तर ॲप तसे सांगू लागले. शेतकऱ्याने केलेली नोंद खरी धरायची आणि त्यांतल्या दहा टक्के तलाठ्याने तपासायच्या, असे ठरले. २०२४ मध्ये त्याच्या जागी डीसीएस नावाचे नवे ॲप आले.

या सगळ्यात मला ते अठ्ठेचाळीस तास फार आवडले. माणूस चुकणार, उन्हात घामेजल्या बोटाने भलतेच बटण दाबणार, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने धरून चालावे लागते. "शेतकऱ्याला वापरता येत नाही" असे म्हणणारा इंजिनियर आणि "शेतकरी अडाणी आहे" असे म्हणणारा कृषी अधिकारी, दोघांत मला फरक दिसत नाही. पाभर चालत नसेल तर आपण बैलाला दोष देत नाही, आधी फण पाहतो.

चुकीचा माल आत येऊ न देणे हीदेखील लिहिणाऱ्याचीच जबाबदारी. २०१७ च्या कर्जमाफीत अर्ज संगणकावर घेतले, बँकांनी याद्या दिल्या, आणि एकच आधार क्रमांक अनेक खातेदारांपुढे लागल्याचे निघाले. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या, खरे कर्जदार ताटकळत राहिले. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा मुद्दाम असा ठेवलेला असतो, की मधला एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर यंत्राला ते तिथल्या तिथे ओळखता येते. शिवाय एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर थांब, असे सांगणे ही एका ओळीची बाब आहे. पण ते यंत्राला आधी सांगून ठेवावे लागते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या महापुराने माढा, मोहोळ, करमाळ्याकडची उभी पिके आणि माती वाहून नेली. अशा माणसाच्या खात्याचा एक आकडा चुकला म्हणून मदत अडकली, तर त्याला 'बग' हा शब्द ऐकवून भागत नाही.

मुलगी-मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पडद्यासमोर बसत असतील, तर त्याचे फार कौतुक करू नका. बैलालाही दुपारी सोडतो. त्या धंद्यातल्या मोठ्या चुका बऱ्याचदा पेंगुळल्या डोळ्यांनी झालेल्या आहेत. आणि "मला हे समजले नाही" असे वरिष्ठांना म्हणायला मूल लाजत असेल, तर ती लाज घरीच घालवा. आमच्याकडे शिबिरात खरा प्रश्न विचारते ती बहुधा मागच्या रांगेतली एखादी काकू, आणि तिच्या प्रश्नावर पुढचे सगळे वही काढतात.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी पोरे गावी येतात. रब्बीच्या नोंदीही त्याच सुमारास चाललेल्या असतात. यंदा पीक पाहणी त्याच्याकडून घरात बसून करवून घेऊ नका. त्याला ज्वारीच्या रानात न्या आणि मोबाईल आजीच्या हातात द्या. त्याने शेजारी नुसते उभे राहावे, बोट लावू नये. उन्हात पडदा दिसतो का, मातीच्या हाताने बटण दबते का, आजीला कुठला शब्द अडतो, ते त्याने लिहून घ्यावे. वही घरचीच द्या, खताच्या हिशेबाच्या वहीत मागची बरीच पाने कोरी असतात.